अमरनाथमामांची चौकशी

अमरनाथमामांनी चपला काढायच्या आधीच तोंड उघडलं, तेव्हाच लुंबिनीला कळलं, की आजची बैठक लग्नाची तारीख धरायला भरलेली नाही. ती तिची हजेरी घ्यायला भरली आहे.

"पाणी नको," लुंबिनीच्या आईनं, तारामतीनं पुढं केलेला तांब्या मामांनी हातानंच मागं सारला. "आधी आमचा काय अपमान झाला ते ऐका, मग पाणी पाजा."

मामा म्हणजे नवऱ्या मुलाचे, आदर्शचे मामा. उभी हयात एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून घालवलेला माणूस. निवृत्त होऊन कितीतरी दिवस झाले, तरी घरातलं कुणी जागचं उठलं की 'कुठं निघालात, परत कधी' असं अजून खिडकीतून विचारल्यासारखं विचारायचे. आदर्शचे वडील मवाळ, ते रक्तदाबाचं निमित्त काढून धर्माबादलाच थांबले होते. त्यामुळं वरपक्ष म्हणजे मामा, आणि मामांच्या मागोमाग आलेला आदर्श. पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर, उंचापुरा, कडक इस्त्रीचा शर्ट. गेले चार महिने फोनवर लुंबिनीशी बोलताना ज्याची बॅटरी संपायची पण शब्द संपायचे नाहीत, तो हा मुलगा आज सोफ्यावर बसल्यापासून पंख्याकडं बघत होता. पंखा तर बंदच होता, लाईट गेलेली होती.

मामांची ख्याती होती ती चौकशीसाठी. सोयरीक जुळवायची म्हटलं की मुलीची चौकशी आलीच, ते काही आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. लोक किराणा दुकानात विचारतात, शेजारणीला विचारतात, फारच झालं तर शाळेच्या शिपायाला. मामांनी मात्र त्याचं शास्त्र केलं होतं. जळकोटपासून धर्माबादपर्यंत भावकीत कुठंही स्थळ निघालं की आधी मामांना पाठवायचे. मामा मुलीच्या गल्लीतल्या टपरीवर बसायचे, एकावर एक चहा सांगायचे, आणि उठेपर्यंत त्या घरात भाजी कोण फोडणीला टाकतं आणि भांडण कोण सुरू करतं, इथवर माहिती घेऊन यायचे. आपण मोडलेल्या सोयरिकी ते अभिमानानं सांगायचे. जुळवलेली एखादी आठवायला त्यांना वेळ लागायचा.

तर अशा या मामांनी गेल्या गुरुवारी हैदराबाद गाठलं आणि लुंबिनीची चौकशी करायला थेट तिच्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहिले.

आता ती कंपनी विमानांचे भाग करते. तेही लढाऊ विमानांचे. गेटसमोर एकही टपरी नव्हती, यावरूनच एखाद्या शहाण्या माणसानं काय ते ओळखलं असतं. मामांनी ओळखलं नाही. ते झाडाखाली उभे राहिले, त्यांनी मोबाईल काढला, गेटचे फोटो घेतले, भिंतीचे घेतले, आत जाणाऱ्या गाड्यांचे घेतले, आणि 'फोटो काढण्यास सक्त मनाई आहे' या पाटीचाही एक घेतला, सरळ आला नाही म्हणून पुन्हा एक घेतला. मग गार्डच्या खांद्यावर हात टाकून त्याला विचारलं, "भाऊ, ते रडारला न दिसणारं नवं लढाऊ विमान इथंच होऊन राहिलं ना? आमची होणारी सून हाय त्याच्यावर. लुंबिनी सिद्धेश्वर सोनकांबळे. कशी हाय वागायला?"

गार्ड म्हणाला, असलं विमान इथं नाही आणि असली पोरगीही इथं नाही. मग फार अदबीनं म्हणाला, आत येऊन बसा ना. मामांना वाटलं, पाहुणचार. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, मग त्यांच्या हातातला मोबाईल घेतला. मामा बाहेर आले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

शुक्रवारी सकाळी लुंबिनीनं गेटवर पास टेकवला आणि यंत्रावर टिंग होऊन लाल दिवा लागला.

सुरक्षा अधिकारी व्यंकटराव. मूळ देगलूरचा माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. ते तिला म्हणाले होते, एसटीतल्या एका रिटायर माणसाला हे विमान कुणी सांगितलं, तेवढं कळू द्या. तोवर तुम्ही आत येऊ नका. त्या रिटायर माणसानं नाव दिलं होतं, पंढरी सोनकांबळे, नांदेड. लुंबिनीचे सख्खे काका. "रविवारी दुपारी मी त्यांनाच फोन करीन," व्यंकटराव म्हणाले होते. "त्यांनी जर सांगितलं की पुतणीनं सांगितलं, तर मॅडम, माझ्या हातात काही राहणार नाही."

लुंबिनी नांदेडला घरी आली होती, आणि आज रविवार होता.

लुंबिनीनं कधीच कुणाला काही सांगितलं नव्हतं. आईला नाही, आदर्शला नाही, वर्षामागं वारलेल्या वडिलांनाही नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हाही ती 'विमानाचे भाग, बाबा' एवढंच म्हणाली होती. पंढरीकाकांनी पेपरात वाचलं की देशात असलं विमान होऊन राहिलं, आणि त्यात आपली पुतणी बसवून टाकली. नांदेडला न्हाव्याच्या खुर्चीत, बँकेच्या रांगेत, कुणी वारल्यावरच्या जलदानाच्या जेवणात, सगळीकडं. अंधारात मारलेला तीर. आणि हाच सगळा घोटाळा होता, कारण तीर बरोबर लागला होता.

त्या विमानाच्या बाहेरच्या कातडीचे तुकडे लुंबिनीच्या टेबलावर येत. दोन तुकड्यांमधली फट भरायची, घासायची, मोजायची, पुन्हा घासायची. एखाद्या स्क्रूचं डोकं केसभर वर राहिलं तरी रडार तेवढंच धरून बसतं. तिच्या टीमनं घासलेलं पहिलं विमान आता उभं राहायच्या बेतात होतं आणि तिला त्याच्याजवळ उभं राहायचं होतं. बस्स. आयुष्यात तिला दुसरं काही एवढं हवंहवंसं वाटलं नव्हतं, आदर्शसुद्धा नाही. हे तिला आज पहिल्यांदाच कळलं, आणि कळल्यावर फार आश्चर्यही वाटलं नाही.

मामांची कहाणी संपली. मोबाईल अजून परत मिळाला नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग त्यांनी मूळ मुद्दा काढला. "कंपनीचा माणूस मला तोंडावर म्हणतो, विमान नाही, पोरगी नाही. आता मला सांगा पंढरीराव, खोटं कोण बोलून राहिलं? कंपनी, तुम्ही, का तुमची पोरगी?"

काकांनी आज पांढरा सफारी घातला होता. दादा गेल्यापासून घराचा कर्ता मीच, हे ते कुणी न विचारता सांगायचे, आणि सफारी त्यासाठीच शिवला होता. सकाळी लुंबिनीनं त्यांच्यापुढं हात जोडून सगळं समजावलं होतं. तेव्हा त्यांनी मान डोलावली होती. हाव, सांगतो की, मी माझ्या मनानं बोललो म्हणून, आपल्याला काय त्याचं. पण तेव्हा समोर पाहुणे नव्हते.

"मी खोटं बोलतो व्हय?" काका ताठ झाले. "मला काय स्वप्न पडलं? लुंबिनीनंच सांगितलं मला. तिच्या तोंडानं."

लुंबिनीच्या कानात गेटवरच्या यंत्राचा तो बारीक टिंग आवाज झाला.

तारामतीनं तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथं कोंडाबाई भाकऱ्या थापत बसली होती. कोंडाबाई म्हणजे लुंबिनीची आत्या, देवणीहून कालच आलेली. तिचं कुणाच्या बैठकीत काही अडत नसे, पण तिच्यावाचून बैठक भरतही नसे. मागोमाग काकाही आत आले. पाहुण्यांसाठी चहा बघतो, असं बाहेर सांगून. आयुष्यात त्यांनी चहा कधी पिण्यापलीकडं बघितला नव्हता.

लुंबिनी शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हणाली, की काका, आता थोड्या वेळात फोन येईल. तुम्ही एवढंच सांगा, पेपरात वाचलं आणि बोललो. ते खरंच आहे.

"पाहुण्यांसमोर?" काका म्हणाले. "आत्ताच तर मी छाती ठोकून बोललो. आता उलट बोललो तर मी थापाड्या ठरतो ना बाई."

"तुम्ही थापाडेच आहात काका."

"लुंबे," तारामती ओरडली, पण तेही कुजबुजत.

"लेकराचं काय चुकलं?" कोंडाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "लहानपणी ह्यानं सांगितलं व्हतं गावभर, आमच्या बापानं वाघ मारला. बाप तवा मलेरियानं अंथरुणात. वाघ कुठनं आला तर म्हणे, दवाखान्यात."

बहिणीपुढं काकांचं कधीच चालत नसे. त्यांनी वहिनीकडं मोर्चा वळवला. मी हे सगळं कुणासाठी केलं, असं त्यांनी विचारलं. दादाच्या लेकीला चांगलं घर मिळावं म्हणूनच ना. साधं 'भाग करते' म्हटलं असतं तर धर्माबादचं स्थळ आलं असतं का? आता आपलंच माणूस आपल्याला खोटं पाडायला निघालं, तर मी नांदेडात कुठल्या तोंडानं फिरू?

तारामतीनं पदरानं कपाळ पुसलं. लुंबिनी वाट बघत राहिली. वडील असते तर एका शब्दात मिटलं असतं, असं तिला वाटलं. पण वडील भिंतीवर होते, आणि आईच्या चेहऱ्यावर ती कितीतरी महिन्यांपासून ओळखत होती तीच भीती होती.

"नोकरी काय," तारामती शेवटी म्हणाली, "एक गेली तर दुसरी लागंल. तू हुशार हायेस. स्थळ गेलं की मग लोक दहा तोंडानं बोलतात. भाऊजींना नको खाली पाहायला लावूस."

म्हणजे आईही तिकडं. लुंबिनीला राग यायला हवा होता, पण आला तो तिरस्कार, आणि तो बरा पडला, कारण तिरस्कारात डोकं थंड राहतं. बाहेरच्या खोलीत एक माणूस होता, ज्याला गार्डच्या खुर्चीत बसवलेलं कळलं नाही. दुसरा होता, ज्याला बंद पंखा बघण्यापलीकडं काही सुचत नव्हतं. आणि इथं हा तिसरा, पांढऱ्या सफारीतला, जो तिची उभी नोकरी जाळून त्यावर आपली इज्जत शेकून घ्यायला तयार होता. या तिघांच्या तोंडावर तिचं विमान टांगलेलं होतं.

तेवढ्यात बाहेर काकांचा मोबाईल वाजला.

काका निघाले ते पळतच. लुंबिनी त्यांच्या मागं गेली. त्यांनी नंबर बघितला, घसा साफ केला, आणि फोन उचलून सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. पाहुण्यांना कळायला नको, की पंढरी सोनकांबळेला कुणाकुणाचे फोन येतात?

व्यंकटरावांनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि विचारलं, की अमरनाथ यांना विमानाबद्दल तुम्ही बोललात ते खरं का. काका म्हणाले खरं. मग ते तुम्हाला कुणी सांगितलं, व्यंकटरावांनी विचारलं.

काकांनी लुंबिनीकडं बघितलं. त्या नजरेत थोडी लाज होती, पण ती सफारीच्या मानानं फारच थोडी होती. लुंबिनीला स्वच्छ दिसलं, की हा माणूस आता खरं बोलणार नाही. हात जोडले तरी नाही, पाय धरले तरी नाही. आणि ते दिसल्याबरोबर तिला दुसरंही काही दिसलं. आपण सकाळपासून या माणसाचं तोंड बंद करायच्या मागं लागलो, हीच चूक झाली. ती पुढं झाली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "काका, सांगा. मी सांगितलं म्हणून सांगा. सगळं सांगा, काही राखू नका."

काकांचा चेहरा असा उजळला, जणू गेलेली लाईटच आली.

"माझ्या पुतणीनं," ते म्हणाले. "सगळी माहिती हाय मला, साहेब. बारीकसारीक."

"म्हणजे काय काय?" पलीकडचा आवाज एकदम सपाट झाला होता.

"विमान पूर्ण काचेचं हाय. आरपार दिसतं, म्हणून दिसत न्हाई."

"काचेचं. बरं. आणि पायलट?"

"त्याला बी तसलाच ड्रेस."

"आणि रडार? रडारचं काय करतात?"

"रडारला भूल देतात," काका आता सोफ्याच्या कडेवर आले होते. "विमान पुढून औषध फवारत जातं. आपण कपाशीवर मारतो तसं. रडारला गुंगी येते. उठेस्तोवर विमान पार."

कोंडाबाई पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. मामांनी डोळे बारीक केले होते. आदर्शनं मात्र पंखा सोडला होता, पहिल्यांदाच.

व्यंकटरावांनी विचारलं, इंजिन किती आहेत. काका म्हणाले, एक बी न्हाई, इंजिन असतं तर आवाज झाला नसता का. ते वाऱ्यावर चालतं, वारं पडलं की थांबतं. व्यंकटरावांनी हेही सावकाश ऐकून घेतलं. मग विचारलं, रंग कुठला?

"रंगातच तर सगळी गंमत हाय, साहेब."

रडार चुकवायचं बरंचसं काम खरंच रंगात असतं, हे लुंबिनीला माहीत होतं. रंगाबद्दल काका चुकूनही बरोबर बोलायला नको होते. एकदा चुकून बरोबर बोलून झालं होतं. देव न मानणाऱ्या घरातली ती मुलगी त्या क्षणाला काहीही मानायला तयार होती.

"काय गंमत?" पलीकडचा आवाज जवळ आल्यासारखा वाटला.

"आभाळाचा रंग मारतात. सकाळी सकाळचा, दुपारी दुपारचा. ढग आलं की लगेच पांढरा. त्यासाठीच तर आमच्या पोरीला ठेवलंय. डबा आन ब्रश घेऊन ती आतच बसलेली असते, विमान चालू असताना. पगार काय उगाच हाय?"

फोनमधून खोकल्यासारखा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला.

"तुम्ही स्वतः पाहिलंय हे विमान?"

"हाव. नांदेडच्या विमानतळावर चाचणी झाली. मी भिंतीजवळ उभा व्हतो."

"दिसलं?"

"न्हाई ना," काका विजयानं म्हणाले. "तेच तर सांगून राहिलो."

व्यंकटराव म्हणाले, स्पीकर बंद करा आणि फोन मॅडमना द्या. लुंबिनीनं फोन कानाला लावला आणि भिंतीकडं तोंड केलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या काकांना तुम्ही कधी काही सांगितलेलं नाही, एवढी माझी खात्री झाली. तसं मी वर कळवतो. उद्या सकाळी या, पास चालू असेल." मग म्हणाले, "आणि त्यांना अडवू नका. जिथं बोलतात तिथं बोलू द्या."

"ते अडवून अडत नाहीत, सर," लुंबिनी म्हणाली.

फोन ठेवल्यावर काका खोलीभर बघत म्हणाले, बघा, शेवटपर्यंत मला 'तुम्ही'च म्हणाला साहेब. मोठा माणूस दिसतो.

मामा हसले. हसणं म्हणजे नाकातून हवा सोडली. "हाव, कळलं. काका असे, आणि पोरगी पेंटर." मग ते लुंबिनीकडं वळले. ती समोरच्या खुर्चीत येऊन बसली होती. आता ते एकदम प्रेमळ झाले होते, बस सुटून गेल्यावर प्रवाशाची समजूत घालावी तसे. हे बघ पोरी, ते म्हणाले, काकांचं सोड. तू स्वतः सांग. तू तिथं नक्की काय करतेस?

"विमानाचे भाग," लुंबिनी म्हणाली.

"कुठले भाग?"

"भाग."

मामांनी आदर्शकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं बघितलं. ते म्हणाले, मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे, काका सोडून. आम्ही झालं गेलं विसरतो, मोबाईलसुद्धा. पण एक गोष्ट. ही नोकरी सोडा. नांदेडला एखाद्या कॉलेजात लागा, लातुरात लागा. "ज्या गेटवर आपल्याला चार माणसांना विचारता येत नाही, तिथली सून घरात आणून आम्ही लोकांना काय सांगावं?"

लुंबिनी मामांशी बोललीच नाही. तिनं आदर्शला विचारलं, "मामा तिथं जाणार हे तुम्हाला माहीत होतं?"

आदर्शनं कॉलर सारखी केली. "मामा सगळ्यांचीच चौकशी करतात."

"गेटचा पत्ता त्यांना कुणी दिला?"

त्यानं पुन्हा पंख्याकडं बघितलं. मग म्हणाला, आणि हे तो अगदी खरं बोलला म्हणून लुंबिनीला त्याचा तेवढ्यापुरता रागही आला नाही, "मीच दिला. तू कधीच काही सांगत नाहीस. सकाळी कुठं जातेस, काय करतेस, काहीच नाही. मला वाटलं, मामांना तरी कळेल."

पहिल्याच फोनला लुंबिनीनं त्याला सांगितलं होतं, की कामाचं काही विचारायचं नाही, जन्मभर नाही. आणि हा म्हणाला होता, मला चालेल, उलट आवडेलच. आवडेलच म्हणाला होता. तिला ते शब्द गोड लागले होते, आणि आता त्याच्याकडं बघताना वाटलं, आपण केवढ्या घाईनं गोड मानून घेतो एखाद्याचं बोलणं. केसभर वर आलेलं डोकं आपल्याला टेबलावर दिसतं, फोनवर दिसत नाही.

"आज काय ते कळू द्या," मामा म्हणाले. "सोडता का नोकरी?"

"नाही," लुंबिनी म्हणाली.

काकांनी हात पुढं केले, अहो पाहुणे, पोरगी लहान आहे, मी समजावतो तिला, असं त्यांचं सुरू झालं. मामांनी तारामतीकडं बघितलं. अशा वेळी मुलीची आई डोळ्याला पदर लावते आणि मग सगळं मार्गी लागतं, असा मामांचा आजवरचा अनुभव होता.

तारामतीनं पदर लावला नाही. ती मघापासून दाराला टेकून उभी होती, फोनच्या वेळीही, पत्त्याच्या वेळीही. ती मामांना म्हणाली, "धर्माबादची गाडी किती वाजता हाय? तुम्हालाच ठाऊक असंल."

मामांना हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते उठले. मामा उठले म्हणून आदर्श उठला. त्याला बसून राहता आलं असतं. सोफ्यानं काही त्याला धरून ठेवलं नव्हतं तसं ढकललंही नव्हतं. लुंबिनीनं तेवढी एक संधी त्याला मनातल्या मनात दिली, त्यानं शर्टाची चुणी झटकली आणि ती संधीही झटकली गेली. दारातून वळून तो म्हणाला, मी फोन करतो. लुंबिनी म्हणाली, दिवसा माझा फोन गेटबाहेरच्या पेटीत ठेवलेला असतो. मागून कोंडाबाई हसली, पिठाचा हात तोंडावर धरून, म्हणून तिच्या नाकाला पीठ लागलं.

काका पाहुण्यांच्या मागं गल्लीच्या टोकापर्यंत गेले. परत आले ते वरपक्षाला शिव्या देत, कारण आता तो त्यांचा पक्ष उरला नव्हता. ही सोयरीक आपल्याला पहिल्यापासूनच पसंत नव्हती, असं ते म्हणाले. मग ओट्यावर जाऊन बसले, आणि समोरच्या घरातल्या माणसाला त्यांनी हाक मारली. हैदराबादच्या एका मोठ्या साहेबाचा फोन आला होता, असं ते त्याला सांगत असल्याचं आतपर्यंत ऐकू येत होतं. काचेच्या विमानापर्यंत आले होते. लुंबिनीनं त्यांना अडवलं नाही. तसा वरून हुकूमच होता.

पाहुण्यांसाठी केलेलं मटण पातेलंभर तसंच होतं. कोंडाबाईनं ताटं मांडली, स्वतःच्या ताटात आधी वाढून घेतलं, आणि म्हणाली, बरं झालं, त्या मामाला नळीच्या हाडाशिवाय भागत नसणार, तोंडावरनंच दिसत होतं. तिघी जेवायला बसल्या. रात्रीच्या हैदराबादच्या गाडीत जागा मिळते का ते लुंबिनी एका हातानं मोबाईलवर बघत होती. मिळाली, खिडकीची नव्हती, पण मिळाली.

तारामतीनं तिच्या ताटात अजून एक भाकरी टाकली. मग स्वतःच्या भाकरीचा तुकडा मोडला, तो रश्श्यात बुडवला, पण तोंडात घातला नाही. ओट्यावर काका रडारला भूल देत होते.

"लुंबे," ती म्हणाली, "ते विमान... खरंच हाय का गं?"

कोंडाबाई चावायची थांबली.

लुंबिनीनं आईकडं बघितलं. गेल्या वर्षभरात आईनं तिला जेवलीस का, झोपलीस का, पैसे पाठवलेस का, कधी येणार, एवढंच विचारलं होतं. हे पहिल्यांदाच विचारलं होतं. आणि किती हळू विचारलं होतं, जणू उत्तर आलं तर सांभाळून ठेवता येईल अशी जागा तिनं आधीच करून ठेवली होती. एक 'हो' म्हटलं असतं तर आईला रात्रभर झोप आली नसती, आनंदानं.

"आई," लुंबिनी म्हणाली, "रश्श्याला मीठ कमी झालंय."

तारामती तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं तो तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला. मीठ बरोबर होतं.

"झालं असंल," ती म्हणाली, आणि मिठाची वाटी लेकीकडं सरकवली.